दुरून डोंगर साजरे, पण किती दुरून?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आपल्याकडच्या कुठल्याही शाळेतल्या चौथीच्या वर्गाला 'निसर्गचित्र काढा' असं सांगून पाहा. बहुतेक सारी मुलं एकच चित्र काढतील. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून डोकावणारा सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, एक नारळाचं झाड आणि आभाळात बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी. हे चित्र कुणी शिकवलेलं नसतं. थोरल्या भावंडाच्या वहीतून ते धाकट्याच्या वहीत उतरतं आणि पिढ्यान् पिढ्या चालत राहतं.

त्या चित्राशी माझं भांडण नाही. फक्त त्यातल्या त्रिकोणी डोंगराविषयी एक शंका आहे. हा डोंगर आपल्यापैकी किती जणांनी पाहिला? भिवंडी, जुन्नर, वाई, इगतपुरी, कुठूनही बघा. सह्याद्रीचा डोंगर सहसा त्रिकोणी नसतो. त्याचा माथा सपाट असतो, सुरीने कापल्यासारखा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यांतून हा पहाड झाला. थराचा कठीण भाग कडा होऊन उभा राहिला, मऊ भाग झिजून उतार झाला. म्हणून आपल्या डोंगराकडे पाहिलं की कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार असा जिना दिसतो. या दगडाला भूगर्भशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्दच मुळी स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलेला आहे. म्हणजे आपला डोंगर आडव्या रेषांचा आणि आपल्या मुलांच्या वहीतला डोंगर तिरक्या रेषांचा.

तो तिरका डोंगर कुठून आला असेल, याचा थोडा सुगावा आमच्या भिवंडीतल्या घरांत लागतो. मागावर काम करणाऱ्या माणसाच्या खोलीत शिरलात तर भिंतीवर साधारण तीन गोष्टी दिसतील. एक काबाशरीफचं चित्र, दुसरी सुंदर अक्षरांत लिहिलेली कुराणातली आयत आणि तिसरी 'सीनरी'. माणसाची किंवा प्राण्याची तसबीर भिंतीवर लावू नये, हा दंडक पुष्कळ मुस्लिम घरांत पाळला जातो. डोंगर, झाडं, पाणी यांच्या चित्राला तशी हरकत नसते. त्यामुळे भिंतीची हौस भागवायची ती सीनरीने. आणि सीनरीतला डोंगर असतो स्वित्झर्लंडचा. वर बर्फाचं टोकदार शिखर, खाली निळं तळं, काठावर लाकडाचं घर. बाहेर मागांचा खडखडाट, आत बर्फ! मी याची थट्टा करत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला डोळ्यांसमोर बर्फ हवासा वाटला तर त्यात वावगं काय? पण गावाबाहेर मोकळ्यावर उभं राहिलं की ईशान्येला माहुलीचा डोंगर दिसतो, आणि त्याची सीनरी मात्र बाजारात मागून मिळत नाही.

माझ्या घरी माहुलीचं एक चित्र आहे. ते कुठल्या मोठ्या चित्रकाराचं नाही. आमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या सरांनी ते जलरंगात काढलं आणि निवृत्त झाले तेव्हा मला दिलं. सर आता हयात नाहीत. कुठे बोललास तर माझं नाव घेऊ नकोस, असं त्यांनीच बजावून ठेवलं होतं. स्वतःला ते कधी चित्रकार म्हणवून घेत नसत, 'ड्रॉइंग टीचर' म्हणत. डोंगराच्या चित्रातला मूड कशातून येतो आणि त्यामागे हाताची कोणती कारागिरी असते, हे मला या एका चित्राने समजावलं. म्हणून आज त्याच्याविषयी जरा सविस्तर बोलतो.

कागद हातबनावटीचा, जरा खरबरीत, दीड-पावणेदोन फूट रुंद. त्याचे आडवे तीन भाग कल्पा. वरचे जवळजवळ दोन भाग नुसतं आभाळ आहे. खालच्या कडेला भाताचं शेत, म्हणजे पिवळसर हिरव्या रंगाचा एक सलग पट्टा आणि त्यात दोन बांध. डोंगराला मिळाली आहे मधली जेमतेम चार बोटं उंचीची जागा. डोंगराचं चित्र म्हणावं आणि डोंगर एवढासा! पण पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते आणि तिथेच रेंगाळते. शेत आणि डोंगर यांच्या मध्ये काय आहे? काहीच नाही. कोरा कागद आहे. त्यावर रंगाचा एक थेंबसुद्धा नाही. आणि तरी तो कागद वाटत नाही, भाताच्या शेतावरून उठलेला ओलावा वाटतो.

हे साधतं कसं? जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही, असा जुन्या शिक्षकांचा कडक नियम असे. पांढरं हवं तिथे कागद राखायचा. 'ट्यूबमधला पांढरा लावलास तर ढग पिठाचा होईल,' असं सर म्हणत. तर आधी सगळा कागद स्पंजने ओला करायचा. त्यावर आभाळाचा अगदी पातळ हात द्यायचा. मग थांबायचं. कागदाची चकाकी जाते, पण ओल शिल्लक असते, असा एक क्षण येतो. तो गाठायचा. त्याआधी ब्रश टेकला तर रंग फुटून वाटेल तिकडे पसरतो. उशीर झाला तर डोंगराची कड कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. भाद्रपदातल्या दमट हवेत कागद वाळता वाळत नाही, त्यामुळे तो क्षण लांबतो. पावसाळ्यातली निसर्गचित्रं इतकी मऊ दिसतात त्याचं अर्धं श्रेय हवेला द्यायला हवं.

आता डोंगराचा माथा. ब्रश रंगाने भरून माथ्याची रेषा एका दमात डावीकडून उजवीकडे ओढलेली आहे. माहुली म्हणजे खरं तर तीन गडांचा जुडगा, भंडारगड, माहुली आणि पळसगड. त्यांच्या मधल्या खिंडी आणि बाजूचे सुळके यांमुळे त्याचा माथा सह्याद्रीतल्या इतर डोंगरांपेक्षा जरा दातेरी आहे. त्या खाचा सरांनी ब्रश न उचलता, नुसता दाब कमी-जास्त करून घेतल्या आहेत. मग दुसरा ब्रश, नुसत्या पाण्याचा. त्याने तोच ओला रंग खाली ओढत न्यायचा. खाली येता येता रंग विरळ होतो आणि पायथ्याशी पोचेपर्यंत संपतो. म्हणजे माथा धारदार आणि पायथा विरघळलेला. डोंगर जमिनीत रोवलेला दिसत नाही, हवेत टांगलेला दिसतो. पावसाने नुकतीच उघडीप दिल्यावर तुम्ही आसनगाव, वाशिंदच्या बाजूला गेला असाल तर हे खरंखुरं असंच दिसतं, हे तुम्ही मान्य कराल.

अशा तीन रांगा चित्रात आहेत, एकामागे एक. सर्वांत दूरची रांग कोबाल्ट निळ्याची, इतकी फिकी की चष्मा लावून शोधावी लागते. तिच्या पुढची माहुली, त्याच निळ्यात चिमूटभर बर्न्ट सिएना मिसळून जरा राखाडी केलेली. सर्वांत जवळची टेकडी मातकट हिरवी. काळा रंग अख्ख्या चित्रात नाही. आणि शेवटी, कागद पूर्ण सुकल्यावर, जवळजवळ कोरड्या ब्रशची कूस टेकवून माहुलीच्या अंगावर दोन आडवे फटके मारले आहेत. खरबरीत कागदाच्या उंचवट्यांवर तेवढाच रंग लागला आणि खळगे कोरे राहिले. बस्स. त्या दोन फटक्यांत कातळाचे दोन थर, त्यांमधली झाडीची पट्टी, सगळं आलं. मुलांच्या त्रिकोणी डोंगराला या दोन आडव्या फटक्यांनी जे उत्तर दिलं आहे ते मला दहा पानी लेख लिहून देता येणार नाही.

मुळात काळ्या दगडाचा आणि हिरव्या झाडीचा डोंगर निळा का दिसावा? याचं कारण डोंगरात नाही, मधल्या हवेत आहे. आपल्या आणि डोंगराच्या मध्ये मैलोगणती हवा असते. सूर्यप्रकाशातला निळा भाग ती हवा जास्त विखुरते आणि तो आपल्या डोळ्यांकडे येतो. आभाळ ज्या कारणाने निळं, त्याच कारणाने दूरचा डोंगर निळा. हवा जितकी जास्त तितका निळेपणा जास्त आणि डोंगराचे तपशील तितके कमी. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी आपल्या वह्यांत याची नोंद केली आणि दूरपणा दाखवण्यासाठी रंग कसा बदलत न्यावा याचा हिशेबच मांडला. बर्फाच्या शिखराचं मात्र उलट होतं. ते स्वतःच लख्ख पांढरं. त्याच्याकडून येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग वाटेत गळतो, म्हणून दूरचं हिमशिखर किंचित पिवळसर किंवा गुलाबी दिसतं. हिमालय रंगवणाऱ्याची आणि सह्याद्री रंगवणाऱ्याची पेटी एकच असली तरी ब्रश वेगळ्या वडीकडे जातो, तो असा.

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण टोमणा मारायला वापरतो. जवळ गेलात की कळेल, असा तिचा रोख. निसर्गचित्रकाराच्या लेखी मात्र तो हिशेबाचा प्रश्न आहे. दुरून, म्हणजे नेमकं किती दुरून? पाच किलोमीटर की पंधरा? कारण डोंगराचा मूड म्हणून आपण ज्याला म्हणतो तो डोंगराच्या दगडात नसून या अंतरात असतो. जवळून तोच माहुली छातीवर येतो, दम काढतो, धाक घालतो. पंधरा किलोमीटरवरून तो शांत होतो.

हे चित्र भाद्रपद १९८४ मधलं आहे. त्या वर्षी मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली होती. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा काही बाकं रिकामी होती. कुणी गावी निघून गेलं होतं, कुणाचं घर उरलं नव्हतं. मुलं बोलत होती एकमेकांशी, पण डबे आपापल्या कोपऱ्यांत उघडले जात. सरांनी वर्गात त्यावर एक शब्द काढला नाही. एका रविवारी आम्हा नऊ-दहा मुलांना, दोन्हीकडच्या, एस.टी.ने पडघ्याला न्यायचं त्यांनी ठरवलं. माझ्या अब्बांनी आधी साफ नकार दिला. मग सर घरी आले, ओट्यावर बसून चहा प्याले आणि म्हणाले, "भाईजान, संध्याकाळी पाचच्या आत तुमचा मुलगा तुमच्या हातात देतो." अब्बा काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनीच मला स्टँडवर सोडलं.

पडघ्याच्या पुढे एका बांधावर सरांनी आम्हाला बसवलं. तासभर रंगाची पेटी उघडायची नाही, अशी ताकीद. नुसतं बघायचं. मग विचारलं, "डोंगराचा रंग कोणता?" आम्ही एकसुरात म्हणालो, "हिरवा." ते म्हणाले, "मूठ वळ. तिची नळी कर. एक डोळा मिट आणि त्यातून बघ. आता शेत दिसत नाही, झाड दिसत नाही, फक्त डोंगराचा एक तुकडा दिसतोय. सांग रंग." माझ्या शेजारी बसलेला मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "निळा, सर. राखाडी निळा." मग प्रत्येकाने मुठीतून बघून घेतलं. डोंगर हिरवा असतो हे आम्हाला ठाऊक होतं आणि ते ठाऊक असल्यामुळेच तो निळा दिसत नव्हता. मुठीच्या नळीने ती माहिती बाजूला सारली. चित्रकलेचा हा अगदी प्राथमिक धडा आहे, कुठलाही शिक्षक देतो. पण त्या वर्षी, त्या मुलांच्यात बसून तो घेणं वेगळं होतं.

सरांनी स्वतःचं चित्र चाळीसेक मिनिटांत केलं. त्यात माणूस नाही, झोपडी नाही, देऊळ नाही, मशीद नाही. त्या वर्षामुळे त्यांनी हे सारं गाळलं असं म्हणायचा मोह होतो. कवी माणसाला तर फारच होतो. पण त्यांची इतर निसर्गचित्रंही मी पाहिली आहेत. त्यांतही माणसं नाहीत. त्यामुळे तो अर्थ मी चित्रावर लादणार नाही. चित्राची शांतता जिथे प्रत्यक्ष आहे तिथेच तिला शोधावं, हे बरं. आडव्या रेषांत, काळ्याच्या अभावात, फिक्या-गडदातल्या थोड्याच फरकात आणि मधल्या कोऱ्या जागेत ती आहे. संध्याकाळी पाचला दहा मिनिटं कमी असताना आम्ही परत आलो, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

डोंगर दाखवण्याची ही एकच रीत आहे असं नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर पाहा. तिथे चित्रकाराने खडक दाखवले ते चौकोनी ठोकळे रचल्यासारखे. त्यात मधली हवा नाही, अंतर नाही. अभ्यासक त्याला एक संकेत मानतात. मला आपलं वाटतं की ज्याने आयुष्य त्याच थराथरांच्या दगडात लेणं कोरणाऱ्यांच्या शेजारी काढलं, त्याला डोंगर ठोकळ्यांचाच दिसणार. इराणी लघुचित्रांतले डोंगर तर जांभळे, गुलाबी, पोवळ्यासारखे फुललेले असतात आणि दूरचा डोंगर जवळच्याइतकाच रेखीव असतो. त्या चित्रांत मध्ये हवा नसते. जणू पाहणाऱ्याला सगळं एकाच वेळी, सारख्याच स्पष्टपणे दिसतं आहे. अकबराच्या काळात युरोपीय छापील चित्रं मोगल चित्रकारांच्या हाती आली आणि त्यानंतर त्यांच्या चित्रांच्या मागच्या बाजूला फिकट निळे डोंगर दिसू लागले.

आपल्या घाटांना इंग्रजी चौकटीत बसवलं ते रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याच्यासारख्यांनी. हा मुंबईच्या लष्करातला अधिकारी. ज्याच्या नावाची ग्रिंडलेज बँक पुढे अनेक वर्षं आपल्या शहरांत होती, तोच. पश्चिम हिंदुस्थानातल्या दृश्यांचा त्याचा चित्रसंग्रह लंडनला १८२६ ते १८३० या काळात निघाला आणि त्यात बोरघाट आहे. त्या काळच्या युरोपीय निसर्गचित्राचा साचा ठरलेला होता. पुढे गडद जमीन, एका कडेला वाकलेलं झाड, मध्ये दोन-चार माणसं आणि मागे उजेडात न्हालेला डोंगर. नाटकाच्या पडद्यासारखा. चित्रं देखणी आहेत यात वाद नाही, पण पाहणारा प्रवासी आहे, तो उद्या पुढच्या मुक्कामाला जाणार आहे, हे त्यांत जाणवत राहतं.

एकाच जागी राहून तीच हवा पुन्हा पुन्हा रंगवणारा चित्रकार पाहायचा तर कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याकडे वळावं लागतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते परत गेले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला आणि १९३१ मध्ये निधन होईपर्यंत कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा हाच त्यांचा मुलूख राहिला. त्यांची ख्याती डोंगरापेक्षा पाणी आणि झाडं यांसाठी आहे. रंकाळ्यातल्या संध्यामठाचं त्यांचं चित्र प्रसिद्धच आहे. पण रंगाचे छोटे छोटे ठिपके शेजारी शेजारी ठेवून त्यांनी जी संध्याकाळची थरथर पकडली, ती हवेचीच आहे.

आणि मग सय्यद हैदर रझा. त्यांना आपण बिंदूचे चित्रकार म्हणून ओळखतो. पण नागपूरच्या कलाशाळेत आणि नंतर मुंबईत जे. जे.मध्ये शिकलेला हा तरुण आधी निसर्गचित्रं आणि मुंबईचे पावसाळी रस्ते जलरंगात रंगवत असे. १९४८ मध्ये ते काश्मीरला चित्रं काढायला गेले. श्रीनगरला त्यांची गाठ पडली आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी. त्याने चित्रं पाहिली आणि स्पष्ट सांगितलं की तुझ्यात गुण आहेत, पण तुझ्या चित्रांना बांधणी नाही. सेझानचा अभ्यास कर. काश्मीरचे डोंगर समोर असताना एका परक्याने तरुण चित्रकाराला, तुझा डोंगर उभा राहत नाही, असं सांगणं ही कठीण गोष्ट. रझांनी ती ऐकली. १९५० मध्ये ते शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला गेले आणि आयुष्याचा मोठा भाग फ्रान्समध्ये राहिले. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन मंडल्याला, नर्मदेच्या गावी झालं.

सेझानकडे का पाठवलं? पॉल सेझानने आपल्या गावाजवळचा सेंत-व्हिक्त्वार हा एकच डोंगर तैलरंगात तीसहून अधिक वेळा रंगवला, जलरंगातली चित्रं वेगळीच. त्या डोंगराची उंची किती? हजार मीटरच्या किंचित वर. आपला माहुली साडेआठशेच्या आसपास. डोंगर जगप्रसिद्ध व्हायला हिमालयाएवढा असावा लागतो असं मुळीच नाही. सेझानने हवेचं धुकं वापरून डोंगराला विरघळू दिलं नाही. रंगाचे छोटे पट्टे विटांसारखे रचत त्याने दूरचा डोंगरही जवळच्या झाडाइतका पक्का बांधला. तरी तो दूरच वाटतो, ही त्याची करामत. आणि उतारवयातल्या चित्रांत मधेमधे कोरा कॅनव्हास तसाच सोडलेला आहे. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर चित्र काढताना तो वादळी पावसात सापडला, त्यानंतर आठवडाभरात गेला.

रझांना जी बांधणी कमी आहे असं सांगितलं गेलं, ती सरांच्या चित्रात कुठे आहे असा प्रश्न मी स्वतःला विचारतो. सगळं तर धुक्यात विरघळलंय. मग ते दोन आडवे फटके दिसतात. ते काढून टाका, बोट ठेवून झाका हवं तर, सारं चित्र कापसासारखं हलकं होऊन उडून जातं. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर बाणा कितीही रंगीत असो, ताणा ढिला असला की कापड उभं राहत नाही.

चिनी चित्रकारांनी या अंतराच्या प्रश्नाचा विचार आपल्या फार आधी केला. त्यांच्या भाषेत निसर्गचित्राला 'डोंगर-पाणी' असाच शब्द आहे. अकराव्या शतकातला गुओ शी हा चित्रकार तीन प्रकारचं अंतर सांगतो. पायथ्याशी उभं राहून माथ्याकडे पाहिलं तर उंचीचं अंतर. पुढच्या डोंगराआडून मागच्या डोंगरांत डोकावलं तर खोलीचं अंतर. आणि जवळच्या टेकडीवरून दूरच्या डोंगराकडे नजर सपाट धावली तर पातळीचं अंतर. १०७२ साली रेशमावर शाईने काढलेलं त्याचं 'वसंताची चाहूल' हे चित्र तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यात ही तिन्ही अंतरं एकाच डोंगरात गुंफलेली आहेत. पाहणारा एका जागी उभाच राहत नाही, चढतो, वळतो, पुन्हा उतरतो. आपल्या माहुलीलाही तिन्ही अंतरं आहेत. पायथ्याच्या जंगलातून वर पाहा, पहिलं. गडाच्या कड्यावरून पलीकडच्या सुळक्यांकडे पाहा, दुसरं. पडघ्याच्या बांधावरून पाहा, तिसरं. सरांनी तिसरं निवडलं. दहा-बारा वर्षांच्या, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना घेऊन गडावर चढता आलं नसतं हे एक कारण असेलच!

आता तो बांध राहिला नाही. पडघ्याच्या आसपास गोदामं उभी राहिली आहेत, लांबच लांब, निळ्या पत्र्यांची. गंमत म्हणजे पत्र्याचा निळा आणि डोंगराचा निळा यांत रंगपेटीतल्या वडीचा फारसा फरक नसतो. पण पत्रा निळा रंगवलेला असतो आणि डोंगर निळा झालेला असतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आमणे आमच्याच भिवंडी तालुक्यात येतं. त्या टप्प्यावर जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. कसाऱ्याचा घाट ज्यांनी एस.टी.च्या खिडकीत बसून वळणावळणाने पाहिला, त्यांना काही मिनिटांत डोंगराच्या पोटातून पार होण्याचं अप्रूप वाटणारच. मलाही वाटलं. प्रवास सोपा झाला, याबद्दल तक्रार करणारा मी कोण? ट्रकवाल्याला विचारा. फक्त डोंगर आता वाटेत लागत नाही. तो पाहायचा तर थांबावं लागतं, मुद्दाम.

रस्ते आणि गोदामं यांना खडी लागते आणि खडी डोंगरातूनच निघते. ठाणे-भिवंडीच्या पट्ट्यात कित्येक टेकड्यांना खदानींनी अर्ध्यावर आणलं आहे. क्रशरची धूळ हवेत मिसळली की अंतराचा निळेपणा मरतो, डोंगर फिकट तपकिरी दिसू लागतो. सरांच्या पेटीतल्या कोबाल्टच्या वडीचं काम तिथे थांबतं, नुसता मातकट रंग लागतो. चित्रातली सर्वांत जवळची, मातकट हिरवी टेकडी नेमकी कोणती हे मी दोन-तीनदा जाऊन शोधलं. माझ्या अंदाजाने ती आता अर्धी आहे. तिच्या उजव्या अंगाला उभा, सरळ, पांढरट छेद दिसतो. सह्याद्रीत निसर्गाने न काढलेली अशी उभी रेषा चटकन ओळखू येते.

माहुली मात्र आहे तसा आहे. तो अभयारण्याच्या हद्दीत येतो, त्यामुळे त्याचं जंगलही बरंचसं टिकलं आहे. ज्यांना तो चित्रातल्यासारखा पाहायचा आहे त्यांना एवढंच सांगतो. मे महिन्यात जाऊ नका, धुळीत त्याची नुसती सावली दिसते. डिसेंबरच्या सकाळी धुरकं असतं. भाद्रपद संपता संपता, दोन दिवस पाऊस होऊन उघडीप मिळाली की निघा. सकाळी लवकर पोचलात तर ऊन डोंगराच्या मागून येत असतं, तो एकसंध निळा दिसतो आणि पायथा हरवलेला असतो. दुपारी तीननंतर ऊन त्याच्या अंगावर येतं आणि थर उघडे पडतात, एकेक पायरी मोजून घ्यावी. मध्ये बारा ते दोन तो काहीच दाखवत नाही, तेवढ्यात जेवून घ्या. मुलं बरोबर असतील तर त्यांना मूठ वळायला सांगा. रंगपेटी न्या, पण पहिल्या तासाला पिशवीतच राहू द्या.